शब्दाचं शेपूट

आमच्या जावयानं दुसरं लग्न केलं ते सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात, आणि त्याच महिन्यात आमच्याकडे क्षमाची शिकवणी सुरू झाली. लग्नाची बातमी त्याचा चुलतभाऊ कुंडलिक घेऊन आला. मी मोरीत बांगडे साफ करत होते. त्यानं पेढ्यांचा पुडा फळीवर ठेवला, बसला नाही, आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "सहदेव म्हणाला, शाळा सुरू व्हायच्या आत क्षमाला न्यायला येतो. नवी वहिनीच म्हणाली, पोर आपल्या घरी पाहिजे. चांगली आहे ओ मामी, वाकोल्याची आहे." माझं बोट बांगड्याच्या कल्ल्यात होतं, ते बाहेर काढायचं सुचेना. आमची मुलगी अनुपमा जळून गेली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून तिची क्षमा आमच्याकडे, मुलुंडला. सहदेव अधूनमधून यायचा, उंबऱ्याशी बसायचा, चहा न पिता जायचा. तो पोर परत मागेल असं माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. माणूस दुसऱ्याच्या घरी छत्री विसरतो तशी त्यानं ती आमच्याकडे विसरलीय, असं मी धरून चालले होते. आणि विसरलेली छत्री दोन पावसाळे वापरली की आपलीच होते.

कुंडलिक गेल्यावर धाकूनं पेढ्यांचा पुडा उचलला आणि खिडकीतून खाली टाकला. धाकू म्हणजे माझा नवरा. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नाही, पण 'ह्यांनी' लिहिलं तर कोणी ते कळत नाही, आणि ह्या गोष्टीत कोणी काय केलं ते कळायला पाहिजे; म्हणून धाकू लिहिते. मग त्यानं माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली घेतली आणि तिच्यातून धोटा काढला. मागावर इकडून तिकडे पळतो तो लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंडाचं नाक असलेला. गिरणी संपात गेली ती गेलीच, तिथून घरी आलं ते एवढंच. धोटा त्यानं लुंगीला पुसला आणि हाक मारली, "क्षमा, पाटी हाड गो." पोर पाटी घेऊन धावत आली. तिला वाटलं, आजोबा खेळायला बोलावतायत.

धाकूला स्वतःला अक्षरं आली ती चाळिशीत, आणि ती शिकवली अनुपमानं. ती तेव्हा पाचवीत होती. गिरणीतल्या रात्रशाळेत त्याला अ, आ, इ करून करून झोप यायची. अनुपमा म्हणाली, बाबा, तुम्ही शब्दाचं तोंड बघत बसता, शेपूट बघा. शेपूट सारखं असलं की शब्द एका घरातले. तिनं पाटीवर एकच ळ काढला, मोठा, बोंडासारखा, आणि त्याच्यापुढे एकेक अक्षर लिहून पुसत गेली. फळ. नळ. मळ. गळ. धाकू चुकला की ती खिदळायची आणि तो पण हसायचा. 'नळ' वाचून तो सार्वजनिक नळावर गेला आणि तिथल्या पाटीवरचं 'नळ' बोटानं दाखवून बायकांना सांगू लागला, ह्यो बघा नळ. बायका म्हणाल्या, आता नळाकडे उभं राहून नळ दाखवतोय, दारू प्यायलाय की काय. अनुपमा मलाही म्हणायची, आये, तू पण बस ना. मी म्हणायचे, मी बसले तर भात कोण वेळणार. असं ते राहिलं. ती मोठी झाली, घाटकोपरला सहदेवच्या घरी गेली, आणि मी आपली बसच्या पाटीवरचा आकडा सुद्धा दुसऱ्याला विचारत राहिले.

क्षमाची शिकवणी तशीच सुरू झाली, तोच ळ, तीच शेपटं. फरक एवढाच की अनुपमाच्या हातात पेन्सिल असायची आणि धाकूच्या हातात धोटा. शब्दाच्या शेवटी तो धोट्याचं नाक पाटीच्या चौकटीवर आपटायचा. फळ, टक. नळ, टक. मी समोर तांदूळ निवडत बसायचे. पोर सहा वर्षांची, तिला गंमत वाटायची. मग त्यानं लिहिलं, जळ. ती थांबली. "जळ म्हणजे काय?" "जळ म्हणजे पाणी. पुस्तकात पाण्याक जळ म्हणतत." "पाणी नाय," क्षमा म्हणाली, "जळ म्हणजे जळ." धोटा पाटीवर न आपटता तिच्या बोटांवर आपटला. ती रडली नाही. तिनं बोटं तोंडात घातली आणि तोंडातूनच म्हणाली, "जळ. पाणी." मी तांदळातला खडा उचलला आणि बाजूला ठेवला. माझ्या लक्षात आलं की पाटीवरचा शब्द मला ओळखू आला होता. पुढचं अक्षर नाही, नुसता ळ. तिला मार बसला तेव्हाच तो माझ्या डोक्यात बसला. मला वाटतं मार बसल्याशिवाय अक्षर बसत नाही, फक्त तो आपल्यालाच बसायला पाहिजे असं नाही.

घाटकोपरला काय झालं ते चाळीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणजे प्रत्येकाला आपापलं ठाऊक होतं. दुपारची वेळ. सहदेव जेवायला घरी आला होता, भांडण झालं, त्यानं हात उचलला. तो हात उचलायचा, ते मी नाकारत नाही. अनुपमाच्या दंडावर मी बघितलेलं आहे. मग तो पाय आपटत खाली गेला, न्हाव्याकडे. तो खुर्चीवर असतानाच वर आरडाओरड झाली. दार मोडावं लागलं. हॉस्पिटलात आम्ही पोचलो तेव्हा तो अर्ध्या दाढीनं उभा होता, एका गालावर साबण वाळून पापड झालेला. धाकू त्याच्याकडे बघून म्हणाला, "साबण लावून उभो रवलो बघ, नाटक्या." आणि क्षमा, तेव्हा चार वर्षांची, खोलीबाहेर गॅलरीत सापडली होती, दाराला टेकून, कपाळाला टेंगूळ. हॉस्पिटलात घाटावरचा हवालदार तिच्यासमोर उकिडवा बसून विचारत होता, काय झालं बाळ, कोण होतं घरात. ती एकच शब्द म्हणाली. "ढकलल्यान." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. हवालदारानं धाकूला विचारलं, "ढकलल्यान म्हणजे काय ओ?" आमच्या बोलीत तेवढ्या एका शब्दात वाक्य पुरं होतं. कोणीतरी ढकललं, हे त्याच्या शेपटात आहे. पण त्यानं की तिनं, ते त्यात नाही. बाई असो, बाप्या असो, ल्यान तो ल्यान. आणि कोणाला, ते तर मुळीच नाही. धाकू म्हणाला, "म्हणजे त्यानं ढकललं, साहेब. तिच्या बापानं. तिच्या आईला. स्टोव्हवर." हवालदारानं सहदेवच्या गालाकडे बघितलं, चाळीखालच्या न्हाव्याला जाऊन विचारलं, आणि स्टोव्हचा भडका असं लिहून घेतलं. पण धाकूच्या डोक्यात ते वाक्य तयार झालं ते झालंच. दोन वर्षं तो ते चाळीत, वाण्याकडे, देवळाच्या पायरीवर सांगत होता. लोक मान हलवायचे. मीही हलवायचे. बाई जळाली तर नवऱ्यानं जाळली, हे पटायला सोपं असतं. आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं, म्हणून तर इतकं सोपं.

अनुपमा जळाली त्याच्या आदल्या महिन्यात, संक्रांतीला, ती आमच्याकडे आली होती. धाकूनं तिला पेपर वाचून दाखवला. मोठा ठळक मथळा, एकेक शब्द उचलत. तिनं त्याची चूक काढली नाही. पेपर घडी करताना ती म्हणाली, "बाबा, दोन दिस रवतंय." धाकू म्हणाला, "घोवाक इचारलंस?" ती म्हणाली, नाही, सहदेवला विचारलेलं नाही. "मग काळोख पडायच्या आत जा," तो म्हणाला, "उगाच तेका बोलाक नको." मी तिला सोड्यांची, सुक्या कोलंबीची, पुडी बांधून दिली. क्षमा तिच्या कडेवर झोपली होती. त्या वर्षी सोडे चांगले होते. तिच्या खोलीतली भांडी आणायला मी नंतर गेले तेव्हा ती पुडी फळीवर तशीच होती, गाठ न सोडलेली. आणि दाराची आतली कडी वाकून लोंबत होती, चौकटीतले स्क्रू लाकडासकट उपटून आलेले. बाहेरच्या कडीला काही झालेलं नव्हतं. मी ते बघितलं, भांडी पिशवीत भरली आणि पुडी पण भरली. सोड्यांचं कालवण केलं. धाकूनं दोनदा वाढून घेतलं.

ळ झाला, मग र झाला, मग न. क्षमा हुशार. आईच्यावर गेलेली. मग धाकू म्हणाला, आता खरी शेपटं. त्यानं पाटीच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं, ने. खालच्या कोपऱ्यात, ला. "ह्यो ने. ज्येणां केला, तेका ने लावूचो. ह्यो ला. ज्येका केला, तेका ला." क्षमा म्हणाली, "आपण ला नाय म्हणत, आपण क म्हणतो. माका, तुका." "पुस्तकात क चलत नाय. पोलिसात चलत नाय. कोर्टात चलत नाय. ला म्हण." "मला," क्षमा म्हणाली. "तुला. धोंडिरामला. कुत्र्याला." ती नाचायला लागली, ज्याला त्याला ला लावत सुटली. भिंतीला, बांगड्याला, आजीला. मग ने. कुत्र्याने धोंडिरामला चावले. धोंडिरामने कुत्र्याला चावले. धोंडिराम आमचा शेजारी, वयस्कर माणूस, दाराबाहेर बिडी ओढत बसायचा, तो आत डोकावून म्हणाला, "ए बाये, एकदा ठरव काय ता. इंजेक्शन कोणाक देवचा?" क्षमा इतकी हसली की तिला उचकी लागली. धाकू पण हसला. त्या हसण्यात मला अनुपमाच्या वेळचा धाकू दिसला, आणि मी तांदूळ निवडायची थांबले. तेव्हाच त्यानं पाटी पुसली आणि लिहिलं: आई. बाबा. मी. आणि शेवटी एक शब्द, ढकलले. "आता शेपटां लाव. तू स्वतः लाव. मी सांगूचंय नाय."

मी श्वास रोखून बसले असं लिहायला बरं वाटेल, पण मी श्वास रोखला नव्हता. मी वाट बघत होते. क्षमानं जीभ बाहेर काढली आणि पेन्सिल घेतली. 'आई'पुढे ने लावलं. मग 'बाबा'वर तिची पेन्सिल थांबली. तिनं बाबा पुसला, बोटानं, नीट, जसा नको असलेला शब्द पुसतात तसा. 'मी' पण पुसलं, तिथे 'म' लिहिला, त्याला ला लावला. आणि मोठ्यानं वाचलं, प्रत्येक शब्दाच्या शेवटी स्वतःच पाटीवर टिचकी मारत: "आईने, मला, ढकलले." तिनं आयुष्यात स्वतः जोडलेलं ते पहिलं वाक्य. तिचा चेहरा फुलला होता. "बरोबर ना, आजोबा? मग आयेन कडी लावल्यान. मग मी दार वाजवलंय. कडी पण लिहू?"

बाहेर धोंडिरामची बिडी विझली असावी. काडी ओढल्याचा आवाज आला. धाकूचं तोंड पाटीकडे होतं. त्याला वाचता येत होतं, हेच वाईट झालं. अक्षरशत्रू असता तर पोर काहीतरी बडबडली म्हणून सोडून दिलं असतं. पण समोर पाटीवर होतं, शेपटांसकट, आणि शेपटं त्याच्याच मुलीनं त्याला शिकवलेली. "चूक," तो म्हणाला. "चूक नाय," क्षमा म्हणाली, "आयेन..." धोटा बसला. मनगटावर, हाडावर, तो आवाज लाकडावर लाकूड आपटल्यासारखा होता. "ने खंय लावतत? बाबाक. ला खंय लावतत? आवशीक. वाच." पोरीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "आजोबा सांगतात तसं वाच गो. आजोबांक येता." तिनं आणखी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, मग पाटीकडे. धाकूनं तिच्या थुंकीनंच पाटी पुसली, तिचा हात धरून लिहिलं, आणि तिनं वाचलं. बाबाने, टक. आईला, टक. ढकलले, टक. पुन्हा. पुन्हा. संध्याकाळपर्यंत ती ते गाण्यासारखं म्हणायला लागली. मधेच एखाद्या वेळी जुनं शेपूट तोंडात यायचं, आईने, की ती स्वतःच आपल्या मनगटावर टिचकी मारून सुधारायची. लहान मूल किती लवकर शिकतं ते बघून मला आश्चर्य वाटत राहिलं. मीसुद्धा त्याच आठवड्यात ने आणि ला शिकले. मला शब्दांचे शेवट आधी आले, सुरुवाती मागून. अजूनही पेपर हातात घेतला की माझी नजर आधी शब्दाच्या बुडाशी जाते.

सहदेव आला तो शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी, नव्या बायकोला घेऊन. तिचं नाव रत्नप्रभा. ती अंगानं भरलेली, बोलकी; आल्या आल्या चप्पल काढून सरळ आत, माझ्या पाया पडली आणि क्षमासमोर फतकल मारून बसली. "अगं, ही तर केवढी मोठी आहे! हे मला म्हणाले एवढीशी. दप्तर आणलंय बघ तुला, लाल. आवडतं लाल?" क्षमानं दप्तराच्या बक्कलाला हात लावला. उघडलं, बंद केलं. उघडलं. मला तिचा तो हात बघवेना. सहदेव उंबऱ्याशीच होता, नेहमीसारखा. दाढी गुळगुळीत केलेली. तो म्हणाला, "मामा, तुम्ही दोन वर्षं सांभाळलंत. आता घेऊन जातो. तुम्ही कधी पण या, रविवारी आम्ही पण आणू." चांगलं बोलला. त्याचं सगळं बोलणं बहुतेक रत्नप्रभानं पाठ करून घेतलं होतं. धाकू म्हणाला, "ने ना. तुजाच चेडू. पण वाचूक शिकलाहा, ता तरी आयक." आणि पाटी पुढे केली. वाक्य आधीच लिहून ठेवलेलं होतं. धोटा त्यानं मांडीखाली घेतला होता. रत्नप्रभा कौतुकानं पुढे वाकली. "वाच, वाच. मला पण ऐकू दे."

क्षमानं दप्तर बाजूला ठेवलं, पाठ ताठ केली आणि वाचलं. स्वच्छ. एकही शेपूट गिळलं नाही. "बाबाने आईला ढकलले."

रत्नप्रभाचं हसू जरा वेळ तसंच राहिलं, जसं पंख्याचं बटण बंद केल्यावर पातं फिरत राहतं. तिनं पाटी वाचली, बापाकडे बघितलं, मग पोरीकडे. "कोणी गं बाळ?" तिनं हळू विचारलं. क्षमाला वाटलं, शेपूट नीट ऐकू आलं नाही. तिनं मनगटावर टिचकी मारली. "बाबाने." सहदेव ओरडेल, धाकूच्या अंगावर जाईल, न्हाव्याचं नाव घेईल असं मला वाटलं होतं. पण त्याचा हात गालावर गेला, ज्या गालावर तेव्हा साबण होता, आणि तिथेच राहिला. तो म्हणाला, "तुका कोणी शिकवल्यान?" पण शिकवल्यान म्हटलं की कोणी ते कळत नाही, आणि ते सांगायला कोणी तयार नव्हतं. तो क्षमाकडेच बघत होता. मला वाटतं त्याच क्षणी त्यालाही खात्री राहिली नाही. त्यानं त्या दुपारी हात उचललाच होता. हातानं नेमकं काय केलं ते दोन वर्षांनी कोणाला आठवतं. स्वतःची पोर वाचून दाखवते तेव्हा माणूस स्वतःवर विश्वास ठेवत नाही. रत्नप्रभा उठली. उठताना तिनं त्याच्या खांद्याचा आधार घेतला नाही, भिंतीचा घेतला. "चला," ती म्हणाली. दप्तर तिथेच राहिलं. चाळीच्या जिन्यात ती पुढे आणि तो बराच मागे, असे गेले. धोंडिरामनं बिडी बाजूला करून त्यांना वाट दिली आणि मग आमच्या दाराकडे बघून, कधी नव्हे ते, बिडी अर्धी टाकून घरात गेला.

"बरोबर वाचलं ना?" क्षमानं विचारलं. "बरोबर," धाकू म्हणाला. त्यानं तिला कडेवर घेतली, तिच्या मनगटावरचा निळा डाग चोळला आणि रडला. अनुपमा गेली तेव्हा तो रडला नव्हता. मी चहा ठेवला.

त्यानंतर सहदेव आला नाही. रत्नप्रभा वाकोल्याला माहेरी गेली ती परत आली नाही, असं कुंडलिक एकदा रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला; मला बघून त्यानं रस्ता बदलला होता, मीच आडवी गेले. क्षमा लाल दप्तर घेऊन शाळेत जाते. वर्गात वाचनात पहिली येते. बाई विचारतात, तुला कोणी शिकवलं, ती सांगते, आजोबांनी. आईचं कोणी विचारलं तर ती ते वाक्य सांगते, आणि आता ती वाचून सांगत नाही, आठवून सांगते. न्हावी नाही, कडी नाही, कपाळाचं टेंगूळ नाही. एकदा तिचे केस विंचरताना मी मुद्दाम विचारलं, "कडी कोणी लावल्यान गो?" ती म्हणाली, "कसली कडी?" मी वेणी घट्ट बांधली. धाकूला आता दिसत कमी आहे, पेपर मी वाचून दाखवते. तो शेपटांवर अजून मान हलवतो.

दुपारी क्षमा शाळेत असते आणि तो झोपलेला असतो, तेव्हा मी तिची जुनी पाटी घेते. पोलिसात, कोर्टात चालेल असं लिहिते, ने आणि ला लावून, कारण लिहायला मला तेवढंच येतं. पोर घरी यायच्या आत पुसून टाकते. ती माझ्याकडे आहे, माझ्याकडेच राहील.

अनुपमा सन एकोणीसशे पंच्याऐंशीच्या फेब्रुवारी महिन्यात घाटकोपरच्या खोलीत जळून वारली. तिने क्षमाला बाहेर ढकलले. कडी तिने आतून लावली.